सॅमनच्या पिल्लांचं अन्न मोजताना: प्राणिप्लवकांचा नमुना घ्यायची नीट पद्धत

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या प्यूजेट साउंड या समुद्राच्या खाडीत २०१४ पासून ठरलेल्या ठिकाणी, साधारण दर पंधरा दिवसांनी, प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांचे, नमुने घेतले जातात. वसंतात सॅमनची पिल्लं नदीतून खाऱ्या पाण्यात उतरतात. पहिल्या काही महिन्यांत त्यांना काय खायला मिळतं, यावर त्यांची वाढ ठरते. वाढ खुंटलेलं पिल्लू मोठ्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी आधी जातं. म्हणून हे काम चालतं, आणि त्यासाठी हात कमी पडतात. सिएटल, व्हँकुव्हर भागातले मराठी विद्यार्थी आणि हौशी मंडळी यात उत्साहानं येतात, याचा मला फार आनंद आहे.

पण वह्या तपासायला घेतल्या की त्याच चुका पुन्हा पुन्हा सापडतात. सगळ्यात मोठी चूक अशी: एक जाळं घ्यायचं, खोल पाण्यात टाकायचं, जे येईल ते मोजायचं आणि लिहायचं, ‘अन्न भरपूर आहे’. पाण्यात प्लवक असणं वेगळं आणि पिल्लाला अन्न मिळणं वेगळं. पिल्लू जिथे आहे तिथे, त्याच्या तोंडात मावेल आणि त्याच्या नजरेला पडेल, तेच त्याचं अन्न. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

१. आधी पिल्लू ठरवा, मग जाळं

सॅमनच्या जातीप्रमाणे (चम, चिनूक, कोहो, पिंक) आणि वयाप्रमाणे ताट बदलतं. कामापुरतं एवढं लक्षात ठेवा.

चम सॅमनची पिल्लं नदीच्या वाळूतून वर आली की लगेच समुद्राकडे निघतात. तेव्हा ती जेमतेम तीन-चार सेंटीमीटरची असतात. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, ईलग्रास या समुद्री गवताच्या आसपास ती फिरतात आणि हार्पॅक्टिकॉइड गटातले कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) टिपतात. हे जीव मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान असतात, आणि ते पाण्यात तरंगत नाहीत, गवताच्या पात्यांवर आणि चिखलाच्या वरच्या थरात राहतात. खोल पाण्यातल्या जाळ्यात ते जवळजवळ येतच नाहीत.

चिनूकची बरीच पिल्लं खाडीतल्या दलदलीच्या चरांमध्ये काही आठवडे मुक्काम करतात. तिथे त्यांचं खाणं म्हणजे पाण्यावर पडणारे डास-चिलटांसारखे कीटक, तळाशी बिळं करणारे कोरोफियम वंशाचे अँफिपॉड आणि मायसिड, हे कोळंबीसारखे बारीक कवचधारी जीव. जून-जुलैत ती बाहेरच्या पाण्यात गेली की खेकड्यांच्या अळ्या, जवळ्यासारखं दिसणारं क्रिल आणि हायपेरिड अँफिपॉड घेतात. पुढे हेरिंग आणि सँड लान्स या लहान माशांची पोरंही खायला लागतात.

कोहो साधारण वर्षभर नदीत वाढून येतो, त्यामुळे तो मोठा असतो आणि सुरुवातीपासूनच मोठा घास घेतो: खेकड्यांची मेगालोपा अवस्था (अळीनंतरची, खेकडा होण्याआधीची), लहान मासे. पिंकची पिल्लं चमसारखी लवकर येतात आणि कोपेपॉड व लार्व्हेशियन (जेलीसारखे इवलेसे तरंगते जीव) खातात.

*तपासा:* प्यूजेट साउंडमध्ये पिंकचे मोठे मासे मुख्यतः विषम वर्षी नदीत चढतात, म्हणून पिल्लं सम वर्षीच्या वसंतात खाली येतात. विषम वर्षी पिंकच्या पिल्लांसाठी मोहीम आखली असेल तर तारीख पुन्हा बघा.

आता साधन निवडा:

- ईलग्रास आणि उथळ किनारा: तळालगतचं पाणी ओढणारा पंप, किंवा तळावरून सरकणारी छोटी घसरगाडी.
- दलदलीचे चर: कीटकांसाठी उथळ ट्रे, तळात साबणाचं थोडं पाणी, चार खुंट्यांमध्ये भरती-ओहोटीबरोबर वरखाली होईल असा.
- मोकळं पाणी, संपूर्ण खोली: ६० सेंटीमीटर तोंडाचं, २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) विणीचं उभं ओढायचं जाळं.
- मोकळं पाणी, वरचा ३० मीटरचा थर: ३३५ मायक्रॉन विणीचं जुळं बाँगो जाळं, तिरकं ओढायचं. सॅमनला उपयोगी असे मोठे जीव यात चांगले येतात.
- पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा: न्यूस्टन जाळं. मेगालोपा आणि पडलेले कीटक इथेच सापडतात.

सगळी साधनं एकाच दिवशी वापरायची गरज नाही. पण चमविषयीचा प्रश्न घेऊन २०० मायक्रॉनचं जाळं खोल पाण्यात टाकलं, तर दिवस वाया गेला असं समजा.

२. परवानगी आणि वेळ

परवानगीची चौकशी निघण्याआधी कित्येक आठवडे करा. प्यूजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली नोंदलेला आहे. त्याच्या पिल्लाला हात लावायलाही परवाना लागतो. प्लवकाच्या जाळ्यात चुकून पिल्लू आलं तर काय करायचं, हे परवान्यात काय लिहिलंय ते वाचून सगळ्या बोटीला आधीच सांगून ठेवा.

भरतीचं वेळापत्रक पाहताना कोकणातल्या सवयीवर जाऊ नका. इथल्या दिवसाच्या दोन ओहोट्यांत मोठा फरक असतो, आणि उन्हाळ्यात सगळ्यात खोल ओहोटी भर दुपारच्या सुमारास येते. उधाणाच्या दिवशी सकाळी आरामात खाडीत शिरलेली बोट दुपारी चिखलात बसते. खाडीतलं काम भरती चढत असताना करा. जमलं तर भांगेचा दिवस निवडा, कारण पाण्याची ओढ कमी असली की जाळं सरळ उतरतं.

दिवसाची वेळ ठरवा आणि मग ती बदलू नका. क्रिल दिवसा खोल असतं आणि रात्री वर येतं. दिवसाच्या नमुन्याशेजारी रात्रीचा नमुना ठेवून ‘क्रिल वाढलं’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. क्रिल वाढलं नव्हतं, फक्त वर आलं होतं. सॅमनची पिल्लं डोळ्यांनी पाहून शिकार करतात, म्हणून त्यांच्यासाठी दिवसाउजेडी घेतलेला नमुना कामाचा.

३. धक्का सोडण्याआधी

जाळं उजेडाकडे धरून इंचाइंचाने पाहा. शिवणीजवळची भोकं हाताला लागत नाहीत, उजेडात दिसतात. डोलीच्या जाळ्याला जसा शेवटी खोला असतो, तसाच इथे शेवटी जाळीच्या खिडक्या असलेला डबा असतो. त्या खिडक्यांची वीण जाळ्याइतकी किंवा त्याहून बारीक हवी. जाळं २०० चं आणि डब्याची खिडकी ३३५ ची, असं झालं तर बारीक जीव शेवटच्या टप्प्यावर निसटतात आणि कोणाला कळतही नाही.

दोरावर दर पाच मीटरला खूण करा. जाळ्याच्या तोंडात बसवायचा प्रवाहमापक हाताने फिरवून पाहा: सहज फिरतो का, आकडे पुढे सरकतात का. उभ्या ओढीसाठी उलटं फिरणं अडवणारी कळ त्यात असायला हवी, नाहीतर जाळं खाली जातानाही आकडे हलतात.

बाटलीत टाकायच्या चिठ्ठ्या घरूनच लिहून न्या: जलरोधक कागद आणि पेन्सिल. पेन नको, मार्करही नको. नमुना टिकवायला वापरायचं फॉर्मलिन आणि अल्कोहोल दोन्ही शाई पुसून टाकतात. बाहेरची चिठ्ठी नावापुरती. खरी चिठ्ठी बाटलीच्या आत.

*सावधान:* फॉर्मलिन कर्करोगकारक आहे. हातमोजे, चष्मा आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ. ते मुलांच्या हाती कधीही देऊ नका, बाटली धरायलाही नाही.

४. जाळं टाकणं आणि ओढणं

उभी ओढ अशी करा:

१. पाण्याची खोली मोजा. जाळं तळाच्या ५ मीटर वर थांबायला हवं. पाणी खूप खोल असेल तर जास्तीत जास्त २०० मीटरपर्यंत सोडा.
२. प्रवाहमापकाचा सुरुवातीचा आकडा मोठ्याने वाचा. दुसऱ्याने तो लिहावा आणि परत वाचून दाखवावा.
३. जाळं सावकाश, न थांबता सोडा. दोर ढिला पडला तर जाळं स्वतःभोवती गुंडाळतं.
४. दोराचा कोन पाहा. दोर सरळ उभा हवा. वाऱ्याने बोट सरकली आणि दोर ३० अंश कलला, तर ६० मीटर दोर सोडूनही जाळं ५२ मीटरवरच असतं. कोन लिहा, किंवा वजन वाढवून पुन्हा टाका.
५. मिनिटाला ३० मीटर या वेगाने वर ओढा. ५० मीटरला १०० सेकंद. घड्याळ लावा. मध्ये थांबलात तर वर आलेलं पाणी परत बाहेर जातं आणि चपळ जीव निसटतात.
६. तोंड पाण्याबाहेर आलं की लगेच शेवटचा आकडा लिहा. धुण्याआधी.

सहाव्या मुद्द्यावर मी अडून बसते, कारण तो मी स्वतः चुकवला आहे. पहिल्या वर्षी घाईत मी आधी पाइप मारला. पाण्याच्या धारेने मापकाचं पातं गरगर फिरलं आणि मग मी आकडा लिहिला. दुसऱ्या ठिकाणीही तसंच, तिसऱ्याही. संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर जाळ्याने खोलीच्या दुप्पट अंतर कापलेलं दिसलं. बाटल्या सुंदर होत्या, एकीतून तर क्रिलचे काळे डोळे काचेला चिकटून माझ्याकडे पाहत होते. तीनही नमुने मोजणीला निरुपयोगी ठरले.

बाँगोची तिरकी ओढ करताना बोट दीड ते दोन नॉट वेगाने पुढे जाते. दोर ४५ अंशांवर असेल तर ३० मीटर खोलीसाठी सुमारे ४२ मीटर दोर लागतो. खाली जाताना आणि वर येताना वेग सारखा ठेवा, म्हणजे प्रत्येक थरात जाळं सारखाच वेळ राहतं.

*तपासा:* ६० सेंटीमीटर तोंडाचं क्षेत्रफळ ०.२८२७ चौरस मीटर. जनरल ओशनिक्स कंपनीच्या नेहमीच्या पात्याच्या मापकाचा एक आकडा म्हणजे ०.०२६८७३ मीटर. म्हणजे ५० मीटरच्या सरळ ओढीला साधारण १८६० आकडे फिरायला हवेत. १७९० आले तर ठीक: ४८.१ मीटर, १३.६ घनमीटर पाणी. ११०० आले तर काहीतरी बिघडलं आहे. हा हिशेब बोटीवरच करा. घरी कळून उपयोग नाही.

आकडा कमी येण्याचं वसंतातलं नेहमीचं कारण म्हणजे तुंबलेलं जाळं. एप्रिल-मेमध्ये डायॅटम या सूक्ष्म शैवालाचा बहर आला की जाळं हिरवट-तपकिरी आणि बुळबुळीत होतं. पाणी आत शिरण्याऐवजी तोंडावरून वळून जातं. अशा वेळी जाळं पूर्ण धुवा, ओढ कमी खोलीची करा आणि वहीत ‘तुंबलं’ असं स्पष्ट लिहा. अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली आकडा गेला की मी ओढ पुन्हा घेते. हा माझा नियम आहे, पण त्याने बरेच वाद वाचले आहेत.

५. धुणं: बाहेरून, वरून खाली

जाळं टांगून ठेवा आणि समुद्राच्या पाण्याचा पाइप बाहेरच्या बाजूने, तोंडापासून शेवटच्या डब्याकडे फिरवा. बाहेरून मारलेलं पाणी विणीतून गाळून आत जातं आणि चिकटलेले जीव खाली ढकलतं. तोंडातून आत पाणी मारलंत तर त्या पाण्यातले नवे जीव तुमच्या नमुन्यात मिसळतात. ही चूक फार होते, कारण आतून धुणं हाताला सोपं वाटतं.

डबा काढण्याआधी त्यातलं पाणी खिडक्यांतून निथळू द्या. मग चाळणीवर ओता, डबा दोनदा विसळा आणि तेही पाणी त्याच चाळणीवर घ्या.

मोठ्या जेलीफिश आल्या तर त्या चिमट्याने उचला, चाळणीवर धरून विसळा, मोजा, घेर मोजून लिहा आणि पाण्यात सोडा. बाटलीत ठेवल्या तर त्या विरघळून सगळं लापशीसारखं करतात. विसळायला मात्र विसरू नका. त्यांच्या धाग्यांना कोपेपॉड आणि माशांची अंडी चिकटलेली असतात.

६. बाटलीत टिकवणं

५०० मिलिलिटरच्या बाटलीत प्लवकांचा थर चतुर्थांशापेक्षा जास्त नको. जास्त झाला तर दोन बाटल्या करा आणि दोन्हींवर ‘२ पैकी १’, ‘२ पैकी २’ लिहा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स घालून आम्लता मारलेलं फॉर्मलिन २५ मिलिलिटर, बाकी गाळलेलं समुद्राचं पाणी. बाटली गळ्यापर्यंत भरा आणि हळूच दोन-तीनदा उलटीसुलटी करा.

बोरॅक्स विसरलात तर टेरोपॉड नावाच्या समुद्री गोगलगायींचे चुन्याचे शंख काही दिवसांत विरतात. नंतर मोजणारा ‘टेरोपॉड नाहीत’ असं लिहितो, आणि त्याचा दोष नसतो.

डीएनएसाठी नमुना हवा असेल तर तो वेगळा घ्या आणि ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मलिनमधला नमुना त्या कामाला चालत नाही.

७. मोजणी

आधी फॉर्मलिन काढा: धुराडं असलेल्या टेबलावर, जाळ्यापेक्षा बारीक विणीच्या चाळणीतून. गाळलेलं फॉर्मलिन मोरीत ओतायचं नाही, टाकाऊ रसायनांच्या डब्यात जमा करायचं.

मग क्रम असा.

मोठे जीव पूर्ण बाटलीतून. ट्रेमध्ये सगळा नमुना पसरा आणि मेगालोपा, क्रिल, अँफिपॉड, माशांची पोरं एकेक करून वेचा. ही संख्या कमी असते, म्हणून छोट्या भागातून मोजली तर एक तर शून्य येते, नाहीतर अवाच्या सवा. सॅमनसाठी हेच जीव सगळ्यात मोलाचे, आणि नेमकी इथेच लोक घाई करतात.

लहान जीव भागातून. उरलेलं ५०० मिलिलिटरपर्यंत पातळ करा. ढवळताना चमचा गोल फिरवू नका, जड जीव मध्यभागी गोळा होतात. इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा फिरवा आणि पाणी हलत असतानाच रुंद तोंडाच्या पिपेटने ५ मिलिलिटर उचला. असं दोनदा. एकूण दोनशे ते चारशे जीव मोजले जातील इतका भाग पुरतो.

उदाहरण पाहू. १० मिलिलिटरमध्ये २६० लहान कोपेपॉड आणि १२ झोईया (खेकड्याच्या पहिल्या अवस्थेतल्या अळ्या) मिळाल्या. दोन्हींना ५० ने गुणा आणि १३.६ ने भागा: घनमीटरला सुमारे ९५६ कोपेपॉड, ४४ झोईया. पूर्ण ट्रेमध्ये ९ मेगालोपा होत्या, त्यांना ५० ने गुणायचं नाही. त्या ०.६६ प्रति घनमीटर. ‘५० ने गुणलं’ ही मेगालोपाबाबतची चूक तपासणीत सर्वांत जास्त दिसते, कारण तक्त्याचा एकच रकाना सगळ्यांना लावलेला असतो.

ओळख पटवताना सूक्ष्मदर्शकाखाली थोडा वेळ नुसतं बघत बसा. कॅलॅनस कोपेपॉड तीनेक मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीसारखा. त्याच्या लांब मिशा दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पसरलेल्या, आणि पाठीतून तेलाची चकचकीत पिशवी दिसते. पिल्लाला ऊर्जा मिळते ती या तेलातून. हार्पॅक्टिकॉइडच्या मिशा आखूड, अंग निमुळतं. झोईयाच्या डोक्यावर उभा काटा आणि मोठे डोळे. मेगालोपा म्हणजे शेपूट उलगडलेला छोटा खेकडाच. क्रिल पाहून कोकणातल्या माणसाला जवळा आठवतो, आकारही तसाच. पण जवळा हा कोळंबीच्या गणातला, क्रिल वेगळ्या गणातलं. नोंदीत दोन्ही एक करू नका.

*तपासा:* शेवटी संख्येशेजारी वजनाचा रकाना भरला का? ९५६ लहान कोपेपॉड आणि ०.६६ मेगालोपा या आकड्यांवरून कोपेपॉडच महत्त्वाचे वाटतात. चार सेंटीमीटरच्या चमला ते असतीलही. दहा सेंटीमीटरच्या चिनूकला एक मेगालोपा पकडायला लागणारी धाव आणि तितक्याच वजनाचे कोपेपॉड टिपायला लागणाऱ्या धावा यांची तुलनाच होत नाही. प्रत्येक गटाचं लांबीवरून वजन काढा आणि दोन्ही रकाने द्या.

८. आकडे वाचताना

ओरेगॉनच्या किनाऱ्यावर, न्यूपोर्टसमोर, १९९६ पासून पंधरवड्याच्या अंतराने नमुने घेतले जातात. तिथे थंड पाण्याबरोबर उत्तरेचे तेलकट कोपेपॉड येतात आणि उबदार पाण्याबरोबर दक्षिणेचे लहान, कमी तेलाचे. एकूण संख्या सारखी असली तरी सॅमनसाठी ती दोन वेगळी वर्षं असतात. म्हणून ‘कोपेपॉड’ एवढंच लिहून थांबू नका, निदान वंशापर्यंत जा. मात्र ते उत्तर-दक्षिणेचं गणित खुल्या किनाऱ्याचं आहे. प्यूजेट साउंडच्या आतल्या नमुन्याला ते जसंच्या तसं लावू नका.

एका ठिकाणच्या एका दिवसावरून निष्कर्ष नको. प्लवक पाण्यात सारखं पसरलेलं नसतं. दोन प्रवाह भेटतात तिथे फेसाची रेष दिसते, तुटलेलं केल्प हे समुद्री शेवाळ आणि काडीकचरा जमतो. मेगालोपा अशाच रेषेत दाटीने असतात आणि पन्नास मीटर बाजूला एकही नसते. जाळं रेषेत होतं की बाहेर, हे वहीत असायलाच हवं.

पिल्लांच्या पोटातलं खाणं तपासणारं परवानाधारक पथक तुमच्याच खाडीत काम करत असेल तर त्यांच्या तारखा मागून घ्या आणि आपल्या तारखा त्यांना जुळवा. त्यांच्या माशांच्या पोटात मेगालोपा आणि तुमच्या बाटलीत शून्य, असं झालं तर कोणाचंच चुकलेलं नसेल. पुढच्या फेरीला न्यूस्टन जाळं बरोबर घ्या आणि पहिली ओढ फेसाच्या रेषेतून काढा.